दामल्यांच्या राखीव खुर्च्या

बारशाच्या पंगतीतून उठून, वाकून, खुर्चीखालचा नंबर वाचणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या शेजारचे दामले.

ठाण्याच्या एका कंपनीत ते संगणकांना एकमेकांशी बोलायला लावणारे प्रोग्रॅम लिहीत. त्यात मेमरीचे एका मापाचे डबे असतात म्हणे. बफर. निरोप आला की ढिगातून डबा घ्यायचा, काम झालं की परत टाकायचा. कोणी टाकला नाही की ढीग आटतो, त्याला म्हणायचं 'लीक', आणि एक दिवस सगळं ठप्प. ही विद्या कंपनीत ठेवून घरी यावं की नाही? पण आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीने घडीच्या चाळीस खुर्च्या त्यांच्या ताब्यात दिल्या आणि सगळी इमारत त्या संगणकात गेली.

बारसं आटोपतंय तोच हे दारात. "घेतलं त्यानेच सोडायचं! सोडा!" पणजीबाई अजून खुर्चीतच, बाळ मांडीवर. "आजी, लीक होतंय." पणजीबाई घाबरून दुपटं चाचपू लागल्या.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मी चाळीस मागितल्या. मिळाल्या छत्तीस.

"अहो दामले, चार पडून आहेत सोसायटीच्या खोलीत!"

"राखीव आहेत."

"कोणासाठी?"

"सगळे डबे भरले, तर 'बिघडलंय' हा निरोप यायलाही डबा उरत नाही."

"शहाडहून माझे व्याही येतायत, डबे नाही!"

"छत्तीस," दामले म्हणाले आणि कुलूप ओढून बघितलं.

आवारातल्या मांडवात नवऱ्या मुलाच्या मामांना मी दळणाच्या डब्यावर बसवलं. झाकण खणकन वाजलं. कोणीतरी फिसकन हसलं आणि मामांचं तोंड फिरलं ते फिरलंच. ठरलेलं लग्न फिसकटायला एवढंही पुरतं. आणि कोणामुळे? या हेकट माणसामुळे!

इतक्यात समोरच्या जिन्यात दामले दिसले. दोन्ही काखांत दोन-दोन खुर्च्या. मी तरातरा मागे गेलो. "आता कोणाकडे निघाल्या या?"

"हळू बोला. वरच्या कर्णिकांचे वडील गेले, आत्ताच. तुमचं आटोपेपर्यंत खाली कळू देऊ नका म्हणालेत."

दामले वळणावर दम घ्यायला थांबले.

"आमची ही गेली, तेव्हा सगळ्या खुर्च्या लग्नाला गेलेल्या. हिची आई इथेच पायरीवर बसलेली. येणाऱ्याला वाट द्यायला दर वेळी उठून उभी राहत होती."