सोमवारचा भाग

धुळ्याच्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी पीठ मिळत नसे. बायका बाजरीचे डबे ओळीनं मांडून उभ्या असत, चक्कीचा मालक धडधाकट समोर बसलेला असे, वीजसुद्धा चक्क आलेली असे, आणि तरी चक्की बंद असे. कारण टीव्हीवर यान उडत असे.

चक्कीवाल्या नानांची मोटर सुरू झाली की गल्लीतल्या सगळ्या टीव्हींवर तिरप्या रेघा येत. एरवी त्याबद्दल नानांना खंत नसे. बातम्यांच्या वेळी तर ते मुद्दाम हळद दळायला घेत. पण अवकाशयान, यंत्रमानव किंवा परग्रहावरचा हिरवट माणूस दिसला, की ते पट्टा उतरवून ठेवत. त्यांचा टीव्ही चक्कीतच फळीवर होता. त्याच्या काचेवर पिठाचा असा थर असे, की कुठल्याही ग्रहावर बर्फ पडतंय असं वाटे.

"नाना, घर पाव्हना बठेल शेतस!" शेजारच्या कमलबाई ओरडत.

"बसू दे. आठे कप्तानना ऑक्सिजन सरी राह्यना, तुले पाव्हनानी पडेल शे!"

या मालिकांची नानांनी दळणाच्या हिशेबानं प्रतवारी लावली होती. पहिली डब्याची. दर रविवारी वेगळा डबा, याचं पीठ त्यात जायचं नाही. मागच्या रविवारी कप्तानाचा पाय मोडलेला असतो, या रविवारी तो पळतो, आणि कोणी चौकशी करत नाही. दुसरी फिरत्या गिर्‍हाइकाची. माणसं नवी, ग्रह नवा. फक्त सुरुवातीला येऊन गंभीर चेहर्‍यानं बोलणारा गृहस्थ तोच. "तो मन्हासारखा," नाना म्हणत. "गिर्‍हाईक बदलस, चक्कीवाला तोच." तिसरी सणाची. दिवाळीच्या भाजणीसारखी चार दिवस धांदल, मग सामसूम.

आणि खरी ती धारेची, पिठाच्या अखंड धारेसारखी. बाजरीनंतर गहू टाकला, तर पहिल्या पिठात बाजरी उतरतेच. तसं मागल्या भागात घडलेलं या भागात उतरतं. मध्ये एक भाग चुकला, की दळण नासलं.

मी शाळेत मराठी शिकवतो. वाङ्मयप्रकारांवरची जाड पुस्तकं मी वाचली आहेत, आणि त्यांच्या लेखकांचे सत्कारही पाहिले आहेत. सत्कारांचा सोस नानांनाही होता. फक्त करणारं कोणी नव्हतं. मग ते आपल्या प्रतवारीत सगळं जग बसवत. नगरपालिका सणाची. पाहुणे फिरत्या गिर्‍हाइकाचे. मी अविवाहित म्हणून माझ्याकडे पाहून एकदा म्हणाले, "मास्तर, तुम्हनं जीवन डबानं शे."

धारेच्या मालिका मात्र नाना एकटे कधी पाहत नसत. सोबत सिंधू असे, त्यांची एकुलती एक मुलगी. आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे ती चक्कीतच वाढली, आणि कप्तानाला सल्ले द्यायला बापाकडूनच शिकली. घराची वाट चुकलेल्या एका यानाची मालिका ऐन रंगात असताना तिचं लग्न ठरलं आणि ती दोंडाईचाला गेली. सासरी टीव्ही नव्हता.

आमच्याकडे बापानं लेकीच्या सासरी फार दिसू नये म्हणतात. तिला मूल होईपर्यंत तिथलं पाणीही पिऊ नये म्हणणारे आहेत, आणि नाना त्यांतलेच. पण सोमवारी चक्कीला सुट्टी, आणि दर सोमवारी नाना दोंडाईचाच्या एसटीत. मिरचीचा भाव बघायला जातो, असं गल्लीत सांगत. इतके भाव बघितल्यावर माणसानं एखादी मिरची तरी आणावी; नानांनी कधी आणली नाही.

पुढे एका रविवारी ते यान पृथ्वीवर पोचलं. कप्तानानं मातीला हात लावला, वाद्यं वाजली, नावं सरकली, मालिका संपली. बायकांनी डबे पुढे ढकलले.

"सरनं ना नाना? घ्या आते दयन," कमलबाई म्हणाल्या.

"व्हय. पोचनं घर," नाना म्हणाले. त्या दिवशी पट्टा चढवताना तो पुन्हापुन्हा घसरत होता.

सांगायला भागच उरला नाही, तेव्हा सोमवारच्या फेर्‍या आता थांबतील असं मला वाटलं. त्या थांबल्या नाहीत. काही आठवड्यांनी मला शाळेच्या कामासाठी दोंडाईचाला जावं लागलं, तर एसटीत शेजारी नाना. "काम झाये की या, मन्ही पोरनं घर देखा," म्हणाले.

मी गेलो तेव्हा विहीणबाई ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत होत्या. नानांनी पिशवीतून आपल्या पाण्याची बाटली काढून घोट घेतला आणि सुरू केलं. "यान टेकनारच व्हतं. तवढाम्हा कप्तानना ध्यानम्हा उनं, एक माणूस मांगेच राही गया!"

"मंग काय व्हयनं, नाना?" सिंधूनं विचारलं.

"मंग काय! फिरनं यान माघारी."

विहीणबाईंचे हात थांबले. "आते कव्हय पोचतीन बिचारा?"

"काय सांगता येस? धारनी मालिका शे."

यान उतरलेलं मी स्वतः पाहिलं होतं. सिंधूनं मला चहासाठी आत बोलावलं. कोपर्‍यात गोधडीखाली काहीतरी चौकोनी झाकलेलं होतं, आणि एका बाजूनं काच दिसत होती. मी पाहिलं, ते तिनंही पाहिलं.

"दिवाळीले ह्यास्नी टीव्ही लयेल शे," ती हळूच म्हणाली. "शेवटला भाग आम्ही बठ्ठा घरनास्नी देखा. नानाले सांगू नका, मास्तर. सासूबाई सोताच गोधडी टाकतस. घरम्हा टीव्ही शे हाई समजनं, तं मंग नाना कसाले येतीन?"

परतीच्या एसटीत आम्ही पुन्हा शेजारी बसलो. सोनगीरचा किल्ला दिसू लागला तेव्हा नाना खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मास्तर, त्यास्ना छपरावर अँटेना शे."

मी हातातलं तिकीट दुमडलं.

"दिवाळीपाइन शे. अँटेनानं तोंड चुकेल शे. नीट कराले हात शिवशिवतस मन्हा. पन वर देखं, तं पोरले समजी जाई."

गाडीनं एक खड्डा घेतला. नाना माझ्याकडे वळले.

"तुम्ही एवढा पुस्तकं वाचतस. पुढला सोमवारले यान कोठे लई जाऊ, ते सांगा."

मी विचार करू लागलो.

"कोठे बी न्या," नाना म्हणाले. "फक्त घर पोचाडू नका."