शहाण्णव खळग्यांची मोहीम

आईबापांकडून रक्तात उतरणारे आजार बाळाच्या पहिल्याच आठवड्यात हुडकणाऱ्या प्रयोगशाळेत जे वर्तमान घडले, ते पदरचे काही न घालता येथे लिहिले असे.

प्रशिक्षणाचा अखेरचा दिवस. राजमान्य चष्मेवाल्या ताई, अकरा वर्षे रक्तपेशी मोजण्याच्या कामी मुरलेल्या, परीक्षेस उभ्या राहिल्या. मोठ्या मॅडमचा हुकूम जाहला की, बाळांच्या टाचेच्या रक्ताचे थेंब वाळवलेली कार्डे घ्यावीत, आणि प्रत्येकातून तीन मिलिमीटरची टिकली पाडावी, आणि शहाण्णव खळग्यांच्या प्लेटीत ज्याची त्याच्या खळग्यात दाखल करावी. चाराच्या आत प्लेट यंत्रावर चढली तर यंत्राची सुभेदारी बहाल, न चढली तर जुन्या टेबलावर रवानगी.

ताईंनी टिकल्या पाडायचा पंच हाती धरला आणि ओळीमागून ओळ सर केली, आणि त्र्याहत्तर टिकल्या ठाण्यांत बसल्या, इतक्यात शेजारची प्रशिक्षणार्थी, जिला सारे घाईबाई म्हणत, उकाड्याने बेजार होऊन पंख्याचे बटण दाबती जाहली. एकच हाहाकार उडाला. ताईंनी प्लेटीवर हात आडवा धरून पंखा बंद करविला, आणि मग पाहणी केली, तो चौथ्या ओळीत सातवा खळगा ओस आणि आठव्यात टिकल्या दोन. दोन्ही सारख्याच तपकिरी. कोण कोणाची, ओळख नाही. घड्याळात पावणेतीन.

घाईबाईने खलबत मांडले. "अगं, चिमट्यानं एक सरकव तिकडे. कोणाला कळतंय?"

"बाळाला कळेल. सहा महिन्यांनी."

कारण सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार, हा गनीम कपटी. जन्मतःच आत शिरतो, परंतु बाळपणीचे रक्त त्यास काही महिने झाकून ठेवते, आणि मग तो एकाएकी चालून येतो.

ताई जातीने मॅडमपुढे हजर जाहल्या. "मॅडम, प्लेट गेली. दोन खळगे चुकलेले दिसले. न दिसलेले किती चुकले, मला सांगता येणार नाही."

हुकूम जाहला की, प्लेट रद्द. कार्डांवर रक्त शिल्लक आहे, पहिल्यापासून पाडावे. मुदत वाढणार नाही.

मग घाईबाईशी तह ठरला की, तिने क्रमांक मोठ्याने वाचावेत आणि पंख्याकडे पाहू नये. आणि ओल्या फडक्यांची कुमक मागवून टेबल पुसले, जेणेकरून कोरड्या हवेत टिकल्या बोटांना चिकटू नयेत, आणि पाठीस रग लागली तरी ताई उठल्या नाहीत, आणि चाराला दोन मिनिटे कमी असता प्लेट यंत्रावर चढली. मॅडमनी सुभेदारीच्या कागदावर सही केली.

दुसऱ्या सकाळी आलेख हाती आले. चौथ्या ओळीचे सातवे बाळ निरोगी. आठव्याच्या आलेखात सिकलसेल.

पक्क्या खात्रीसाठी दुसरा नमुना हवा, म्हणून ताईंनी आठव्याच्या आईस फोन केला आणि सांगायचे ते सावकाश सांगितले. आईने इतकेच विचारले.

"लवकर कळलं, म्हणजे औषध लवकर सुरू होईल ना हो, ताई?"

"हो. त्यासाठीच शोधतो आम्ही."

"आत्ताच झोपलंय. उठलं की आणू?"

"उठलं की आणा."

येणेप्रमाणे खळगे शहाण्णव, टिकल्या शहाण्णव, हरवले कोणी नाही. गनीम चालून येण्याआधी सहा महिने त्याचा ठाव लागला. मोहीम फत्ते जाहली. बाळ झोपेत होते. त्यास खबर नाही.