सबनीसकाकांची सहा चाळीस

शारजात रेल्वे नाही. ही गोष्ट सबनीसकाकांना अजून कोणी नीट समजावून सांगितलेली दिसत नाही. आमच्या रोल्ला भागातल्या बिल्डिंगची लिफ्ट उशिरा आली की ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाला गंभीरपणे सांगतात, "चार मिनट लेट. जपान में इतने पे माफी मांगते है." शेजारचा माणूस 'इन्शाल्ला' म्हणून जिन्याकडे वळतो.

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. दुबईत रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये कुठला ट्रक दुरुस्तीला कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, याचं वेळापत्रक करतात. काकू जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक मुलगी मुग्धा जपानमध्ये ओकायामा शहरात नोकरीला आहे. तिच्याकडे काका दर एप्रिलमध्ये दहा दिवस जायचे. ती ऑफिसला गेली की हे रोज सकाळी गाडी पकडून एखाद्या लहान गावी जाणार आणि संध्याकाळी सहा चाळीसला ओकायामात परत. मुक्काम कुठेही नाही. "मुक्काम आला की बॅग आली, बॅग आली की भानगड," हे त्यांचं तत्त्व.

या सहलींचे फोटो त्यांनी एकदा आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला टीव्हीवर दाखवले. बहुतेक सगळे फलाटांचे होते, उरलेले वेळापत्रकांचे. ताकाहाशी नावाच्या गावात डोंगरावर जुना किल्ला आहे. माझ्या बायकोने, वैदेहीने, विचारलं, "काका, किल्ल्याचा फोटो?"

"वर जाऊन यायला अडीच तास. दोन सत्तावन्न चुकली असती."

"म्हणजे पाहिलाच नाही?"

"पाहिला ना. खालून. छान आहे."

कुराशिकी गावातल्या कालव्यात नावेतून फिरवतात म्हणे. काका त्या नावेत बसले नाहीत, कारण नावेसाठी रांग होती आणि रांगेला टाइमटेबल नसतं.

यंदा एप्रिल उलटला तरी काका गेले नाहीत. "मुग्धाला काम आहे," एवढंच म्हणाले. आम्ही मात्र पहिल्यांदाच जपानला निघालो होतो, म्हणून मी भाबडेपणाने त्यांच्याकडे प्लॅन मागितला. दोन दिवसांत वर्तमानपत्राएवढ्या कागदावर पेन्सिलीने आखलेला तक्ता आला. कुठल्या डब्यात बसायचं, समुद्र कुठल्या खिडकीतून दिसतो, जेवणाचा डबा कुठल्या स्टेशनावर घ्यायचा, सगळं त्यात होतं. आम्ही बाथरूमला कधी जायचं तेही होतं.

वैदेहीने तक्ता वाचून चष्मा काढला. "आठापैकी सहा दिवस संध्याकाळी सहा चाळीसला ओकायामात? आपण फिरायला चाललोय की ड्यूटीवर?"

"डॅड, व्हेअर इज टोकियो?" आमच्या बारा वर्षांच्या साराने विचारलं. टोकियो शेवटच्या दिवशी होतं, विमानतळापुरतं.

शनिवारी सकाळी मी तक्ता घेऊन काकांकडे गेलो. "काका, इतकं ओकायामा नको. टोकियोला चार दिवस तरी हवेत."

"होईल की! ट्रकचं रोज करतो मी." काकांनी खोडरबर घेतलं. "सोमवार खलास. मंगळवार खलास." बुधवारच्या सहा चाळीसवर त्यांचा हात थांबला.

"एक संध्याकाळ राहू दे?" त्यांनी विचारलं.

"का पण?"

"मुग्धा साडेसहाला सुटते. स्टेशनातूनच घरी जाते. तुम्ही उतराल तेव्हा गेटपाशी दिसेल. नुसतं बघून या. बारीक झालीय का, तेवढंच."

मग त्यांनीच सांगितलं. गेल्या वर्षी मुग्धाला एकच रविवार मोकळा मिळाला होता. काकांनी त्या दिवशी त्सुयामाचा बेत केला होता, वाफेच्या इंजिनांची जुनी शेड बघायला. सकाळी ती म्हणाली, "बाबा, आज घरीच बसू या. मला तुमच्याशी बोलायचंय."

"मी म्हटलं, गाडीत बोलू. दहा पाचची आहे, आवर लवकर. ती नाही आली."

"आणि तुम्ही?"

"गेलो मी," काका म्हणाले. "संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली, राहू दे. तेव्हापासून फोनवर हवापाण्याचं बोलते. यंदा म्हणाली, नका येऊ."

मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. सहा दिवस आम्हाला कशासाठी ओकायामात आणून सोडत होते, ते आता कळलं.

"काका, दोन संध्याकाळी ठेवतो मी. वैदेहीला सांगतो. पण तिला काय बोलायचं होतं, ते मी कसं विचारणार? तुम्ही फोन लावा. आत्ता लावा. तिकडे दुपार आहे."

"वर्षानंतर?"

"लावा हो."

त्यांनी उभ्याउभ्याच फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर कायम चालू असतो.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?" मुग्धा घाबरली होती.

"काही नाही गं. तुला त्या रविवारी काहीतरी बोलायचं होतं ना..." काकांनी हातातलं खोडरबर खाली ठेवलं. "ते ऐकायचं राहिलं माझं. चुकलं."

मी उठून दारात चपला घालायला लागलो.

"वेळ आहे तुम्हाला?" मुग्धाने विचारलं.

"आहे," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "आज काहीच ठरवलेलं नाही. तू बोल."

मी हळूच दार ओढून घेतलं.