तिसरी कुबडी

मुलांनो, एका जंगलात लाकडाची वखार होती. जंगलात वखार कशाला, असं विचारू नका. मध्ये बोलायचं नाही.

मालक सिंह. राबणारे बाकी सगळे. टेकडीवरून ओंडके खाली सोडायचे. ते थोपवायला उतारावर एक लाकडी पाचर होती. पाचर कुजली होती. त्यामुळे दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा पाय ओंडक्याखाली जायचा.

सिंहाने बगळ्याला नेमलं. बगळा शिकलेला. त्या काळी बगळे दोन्ही पायांवर उभे राहत. त्याने दहा वर्षांत चेंगरलेले पाय मोजले, डोळे मिटले आणि म्हणाला, "महाराज, या महिन्यात तीन."

"नक्की?"

"एकही कमी नाही."

सिंह खूश झाला. त्याने तीन कुबड्या करवून घेतल्या आणि फाटकाशी टेकवून ठेवल्या. पाचर तशीच ठेवली.

पहिली कुबडी रानडुकराने नेली. दुसरी तरसाने. तिसरी उरली. कामावर येणारा प्रत्येक जण तिच्याशी आपली उंची ताडून बघायचा.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. उतारावर पाळी साळिंदराची होती.

अस्वल म्हणालं, "साळिंद्या, तुझ्याच मापाची दिसतेय रे!"

"तुझ्या सासऱ्याच्या मापाची आहे," साळिंदर म्हणालं. त्याने कुजकी पाचर उपटून फेकली आणि सागाची नवी ठोकली.

ओंडके आले. थांबले. दुपार झाली तरी सगळ्यांचे पाय शाबूत.

बगळा धावत आला. मागून सिंह.

"कुणी ठोकली ही? काढ आधी! माझा अंदाज चुकतोय!"

"पाय माझा आहे, साहेब."

"एका पायासाठी दहा वर्षांचा अभ्यास बुडवतोस? लाज नाही वाटत?"

सिंह म्हणाला, "काढ रे. संध्याकाळी यांचा सत्कार आहे. हार आणून ठेवलाय."

"मी ठोकली, मी काढणार नाही. ज्याला आकडा हवाय त्याने काढावी."

बगळ्याने चोचीत पाचर धरली आणि जोर लावून ओढली. सगळे ओंडके एकदम खाली आले.

तीन झाले.

सत्कार ठरल्या वेळी पार पडला. बगळ्याने हार घेतला. कुबडी नाकारली, शिकलेल्याला ती शोभत नाही. तो उरलेल्या पायावर उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, पुढच्या महिन्याचा अंदाज काढतोय.

तो तेच करत होता.

तात्पर्य : पाचर ठोकणारा अडाणी. त्याने किती पाय वाचवले, ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. विद्वान मात्र एका पायावरही बरोबरच असतो. म्हणून मुलांनो, खूप शिका.