अर्ध्याची दुप्पट

"अर्ध्याची दुप्पट म्हणजे पूर्ण. यात चुकण्यासारखं आहे काय?" असं म्हणत दादांनी मोजायची टेप खटकन मिटवली आणि गॅरेजच्या नव्या दाराचं माप फोनवरून दारवाल्याला सांगून टाकलं.

सरळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजायचं सोडून हा माणूस अर्धं मोजून दुप्पट का करत होता, असं कुणी विचारेल. विचारावंच. फक्त दादांना विचारू नये. त्यांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि त्या नाकाखाली झुपकेदार मिशी होती. राग आला की आधी मिशी थरथरायची, मग आवाज फुटायचा. मधल्या वेळात घरातली शहाणी माणसं दुसऱ्या खोलीत जायची.

तर झालं होतं असं. वडिलांच्या मागे घराची वाटणी झाली. खाली दादा आणि वहिनी, वर धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे दीडच वर्षाने धाकटा, बिनलग्नाचा, दाढीमिशी गुळगुळीत करणारा आणि खोडीत मात्र थोरला. गॅरेज एकच होतं. म्हणून मामांनी दाराच्या दोन झडपा जिथे मिळत होत्या तिथून पार मागच्या भिंतीपर्यंत जमिनीवर पांढरी रेघ ओढली. डावीकडचं दादांचं, उजवीकडचं धाकट्याचं. रंग वाळायच्या आत धाकटा म्हणाला, "रेघ माझ्याकडे सरकलीय."

"बोटभर जरी सरकली असेल ना, तर ही मिशी उतरवून तुझ्या हातात देईन," दादा म्हणाले.

"दे मग."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकमेकांच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, हे ओघानेच आलं. दादांची गाडी एका झडपेतून जात नव्हती आणि दुसरी झडप उघड म्हणून धाकट्याला विनवण्यापेक्षा त्यांनी गाडी उन्हात करपू दिली. आत त्यांच्या वाट्याच्या जागेत एक शिडी राहायची. अगदीच बोलण्याची वेळ आली, तर दोघं समोरासमोर उभे राहून वहिनींमार्फत बोलायचे.

मग एके दिवशी दादांची झडप अडकली. दादांनी तिला लाथ घातली. आतून वाळवीने पोखरलेलं लाकूड ते, झडप धाडकन पडली आणि पडता पडता शेजारणीलाही घेऊन गेली.

धाकटा जिन्यावरून खाली आला. "वहिनी, दादाला सांगा, त्याने माझी झडप पाडलीय."

"सांग त्याला, कुजकी होती."

"त्यांनी ऐकलं, भावोजी," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दादा तडक दारवाल्याच्या दुकानात. त्याने आधी दोन झडपांचं दार दाखवलं. "नको. परत एक झडप त्याच्या बापाची होईल," दादा म्हणाले. बाप एकच होता हे रागात लक्षात राहिलं नाही. मग गुंडाळून वर जाणारं शटर दाखवलं. "मी काय किराणा मालाचं दुकान काढलंय?"

शेवटी दारवाल्याने त्यांना कोपऱ्यातल्या दारापाशी नेलं. सबंध एका पत्र्याचं दार. त्याने खालची मूठ धरून जरासं ओढलं, तसं ते दार पुढे झुकलं, अलगद वर गेलं आणि डोक्यावर छतासारखं आडवं झालं. दादा बघतच राहिले. मूठ एकच, किल्ली एकच. ती किल्ली ज्याच्या खिशात, त्याचं गॅरेज. वरून उतरणाऱ्याने खुशाल येऊन किल्ली मागावी, आणि मागायची तर बोलावं लागेल.

"हेच," दादा म्हणाले.

"मग उद्या माप घ्यायला येतो."

"यायचं नाही. तुमचा पाय चुकून पलीकडे पडला तर तो सगळी आळी गोळा करील. माप मी देतो. आणि नीट ऐका. घरात थोरला मी. ही मिशी ओळखून ठेवा आणि हिच्याशीच बोला. वर एक धाकटा राहतो, त्याच्याशी अक्षर बोलायचं नाही."

आता पलीकडे पाऊल टाकायचं नाही म्हटल्यावर माप घ्यायचं कसं? डाव्या भिंतीपासून रेघेपर्यंत मोजलं आणि दुप्पट केली. अर्ध्याची दुप्पट म्हणजे पूर्ण.

दार यायचं त्या सकाळी दादा फाटकात उभे होते. टेम्पो आला आणि माणसांनी दार उतरवलं. मग आणखी एक दार उतरवलं.

"हे कुणाचं?"

"वरच्यांचं," दारवाला म्हणाला. "त्यांचाही फोन आला होता. एकाच मुठीचं द्या म्हणाले, किल्ली फक्त माझ्या हातात द्या म्हणाले. मला वाटलं, घराला दोन गॅरेजं असतील."

"अहो, मग विचारायचं नाही का त्याला?"

"धाकट्याशी बोलायचं नाही म्हणून तुम्हीच बजावलंत. ते बोलले, मी नुसतं ऐकलं."

मिशी थरथरली. वहिनी मात्र या वेळी आत गेल्या नाहीत.

"माझं दार आधी लावा," दादा गरजले. माणसांनी ते उचलून नेलं. ते बसेना. चांगलं वीतभर जास्त रुंद.

"आता माझं लावा," धाकटा जिन्यावरून म्हणाला. तेही उचलून नेलं. ते सहज आत गेलं आणि बाजूला वीतभर फट राहिली. तिच्यातून शेजारचं मांजर आत जाऊन बाहेरही आलं.

"माप कुणी चुकवलं?" दादा दारवाल्याच्या अंगावर धावले. "माझी बाजू मी तीनदा मोजलीय."

"माझीही बरोबर मोजलीय," धाकटा म्हणाला.

वहिनी एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे बघत होत्या. "यांच्या बाजूची दुप्पट केली तर दार मोठं होतंय," त्या सावकाश म्हणाल्या. "भावोजींच्या बाजूची केली तर लहान. म्हणजे रेघ मधोमध नाही. अर्धी वीत भावोजींच्या बाजूला सरकलीय."

सगळ्यांनी दादांच्या मिशीकडे पाहिलं. टेम्पोवाल्याला काही ठाऊक नव्हतं, तरी त्यानेही पाहिलं.

धाकट्याने जिन्यावर टाळ्या पिटल्या. "मी काय म्हणत होतो? पहिल्या दिवसापासून काय म्हणत होतो?"

"पण भावोजी," वहिनी म्हणाल्या, "तुमची बाजू लहान आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना? मग लहान बाजूची दुप्पट कशाला केलीत?"

टाळ्या थांबल्या.

"मला कुठे माहीत होतं?" धाकटा म्हणाला. "मी आपला भांडत होतो."

दादा गर्रकन वळले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलले. "गाढवा, म्हणजे तुलाही रेघ मधोमधच वाटत होती?"

"हो."

"मग सरकलीय म्हणालास कशाला?"

"रेघ इथेच ओढू का असं मामांनी विचारलं, तर तू लगेच हो म्हणून मोकळा झालास. मला कुणी विचारलंच नाही."

यावर दादांना जास्तच राग आला. मामांचा आला, टेपचा आला, स्वतःच्या जिभेचा आला. सगळ्यात जास्त राग याचा आला, की आपल्याला ज्याने खोटं पाडलं त्याला स्वतः खरा असल्याचा पत्ताच नव्हता. दारवाला दोन्ही दारं टेम्पोत चढवून निघून गेला. दादा आत गेले, न्हाणीघराचं दार त्यांनी आपटलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन एक कागदाची पुडी धाकट्याच्या हातात कोंबली. धाकट्याला तिचं काय करावं कळेना. त्याने ती खिशात ठेवली.

संध्याकाळी दोघांनी गॅरेज मोजलं. टेपचं एक टोक डाव्या भिंतीला दादांनी धरलं, दुसरं उजव्या भिंतीला धाकट्याने.

"नीट वाच. तुझ्यावर माझा विश्वास नाही."

"नीटच वाचतोय. तू टोक हलवू नकोस."

काही दिवसांनी नव्या मापाचं दार घेऊन टेम्पो परत आला. फाटकात दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे होते, किल्ली कुणाच्या खिशात राहणार यावर तावातावाने भांडत. दारवाल्याने खाली उतरून याच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि दार टेम्पोतच राहू दिलं.

"उतरवा," दादा ओरडले. "बघत काय बसलात?"

"थोरल्यांना बोलवा," दारवाला म्हणाला. "तुम्ही दोघंही धाकटे दिसताय, आणि धाकट्याशी अक्षर बोलायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे."