पत्ता चुकलेला कचरा

रविवारी सकाळी बेल वाजली, की आमच्या कोपर स्टेशनजवळच्या इमारतीत दारात हमखास चौथ्या मजल्यावरचे खारकर काका असतात. हातात चिमटा, आणि चिमट्यात तुम्हीच आदल्या दिवशी निश्चिंत मनाने फेकलेली वस्तू. पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा आम्रखंडाच्या डब्याचं झाकण होतं.

"तुमचं टपाल," काका म्हणाले. "ओल्या कचऱ्यात पडलेलं. पत्ता चुकलाय."

"माझंच कशावरून?"

"तळमजल्यावर मधुमेह, पहिल्यावर उपास, दुसऱ्यावरचे गावाला. उरलात तुम्ही."

मी मुकाट्याने झाकण घेतलं. माणूस स्वतःच्या घरात बनियनवर असताना फार वाद घालू शकत नाही.

काकांनी सगळी नोकरी टपाल खात्यात पत्रं वेगळी करण्यात काढली. पुढे लोकांनी पत्रं लिहिणं सोडलं, पण कचरा करणं सोडलं नाही, त्यामुळे निवृत्तीनंतरही काकांचं काम चालू राहिलं. ओला-सुका वेगळा नसेल तर घंटागाडी कचरा उचलणार नाही, असा नियम आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. काका मात्र खुलले. टी-बॅग ओली की सुकी, असं मी त्यांना खवचटपणे विचारलं. "फाडा," ते म्हणाले. "पूड ओल्यात, कागद-दोरा सुक्यात. पिन मला आणून द्या." दुधाच्या पिशवीचा कोपरा पुरता कापून टाकणारा माणूस त्यांच्या लेखी गुन्हेगार. "एवढ्याशा तुकड्याला पुढे कोण विचारणार? पिशवीलाच लटकत राहू द्या ना त्याला!"

पण त्यांचा खरा जीव पाण्याच्या टाकीमागच्या निळ्या ड्रममध्ये. भोकं पाडलेल्या त्या ड्रममध्ये इमारतीचा ओला कचरा, सुका पाला आणि आंबट ताक घालून काका खत करायचे. निदान करू बघायचे. आम्ही त्यात प्लास्टिक टाकायचो, कालचं सांबार ओतायचो, आणि मग वास येतो म्हणून तक्रार करायचो.

शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाला, "काका, काढून टाका ना तो ड्रम. वास येतो यार. दोन बाईक आरामात बसतील तिथे."

काका उभे राहिले. "महिनाभर द्या. नीट कुजायला लागलं की आतून गरम होतं, वासही जातो. महिन्यात ड्रम तापला नाही, तर भंगारवाल्याला मीच बोलावतो."

त्या महिन्यात त्यांनी आम्हाला अक्षरशः पिडलं. रविवारची बेल रोज वाजू लागली. त्यातच सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी बायको नाशिकला गेली आणि मी हॉटेलच्या पार्सलवर दिवस काढू लागलो. एका संध्याकाळी काका आले, ते चिमट्याशिवाय.

"तुमचा ओला कचरा बंद झालाय," ते म्हणाले. "साल नाही, देठ नाही. नुसते काळे डबे. घरी कोणी नाही का?"

मी सांगितलं.

"मग वर चला. वाल सोलायचेत. ड्रमला सालं हवीत मला."

दिवसभर ऑफिसात डोकं पिकवून आल्यावर दुसऱ्याचे वाल सोलायचे! मी चरफडतच गेलो. टेबलावर मोड आलेले वाल कोमट पाण्यात होते, आणि समोरासमोर दोन वाट्या. सालं काढून डाळिंब्या वेगळ्या करायला आम्ही बसलो.

"मंदा मला हात लावू द्यायची नाही," काका म्हणाले. "डाळिंब्या तोडू नका, म्हणून ओरडायची." मंदाकाकू जाऊन तीन वर्षं झाली. "ती गेल्यावर ड्रम आधी इथे गॅलरीत ठेवला होता. सगळं नियमाने केलं. ताक घातलं, पाला घातला, रोज हलवला. पण एकट्याचा कचरा तापत नाही हो. दोन केळ्यांची सालं, एका बटाट्याचं साल. गारच पडून राहतो. म्हणून खाली आणला."

माझ्या हातून डाळिंबी तुटली. काकांनी ती निमूटपणे आपल्या वाटीत घेतली. त्या रात्री मी त्यांच्याकडे बिरडं-भात जेवलो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याबरोबर दारोदार फिरू लागलो. लोक माझ्याकडेही तसंच बघायचे, जसं मी काकांकडे बघायचो. बघू देत!

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी काकांनी मला तशाच चुरगळलेल्या लेंग्यात खाली नेलं. सेक्रेटरीलाही झोपेतून उठवून आणलं होतं. झाकण काढल्याबरोबर वाफ आली. काकांनी सेक्रेटरीचं मनगट धरून त्याचा हात आत घातला.

"च्यायला," सेक्रेटरी म्हणाला, "गरम आहे की!"

तो गेल्यावरही काका ड्रमवर तळवा धरून बराच वेळ उभे राहिले. बाईक अजून गेटपाशीच लागतात.

बायको परत आली. आमच्याकडे वाल कोणालाच आवडत नाहीत, तरी मी दर आठवड्याला का आणतो, हे तिला कळेना. ड्रमसाठी, असं मी सांगितलं. शनिवारी भिजवतो, मोड आले की पातेलं घेऊन चौथ्या मजल्यावर जातो. काका दार उघडतात, आधी पातेल्यात डोकावतात, मग माझ्यासाठी खुर्ची ओढतात.

"बसा," म्हणतात. "आणि डाळिंब्या तोडू नका."