वेंडेलचं पहिलं बिनचूक वाक्य

"जेवणाच्या आत घरी येशीलच तू. सँडविच करून ठेवते," लोरेटा दारातूनच म्हणाली.

वेंडेल प्रुइट बायकोला हात करून गाडीत बसला आणि लोज्बानच्या संमेलनाला निघाला. लोज्बान ही काही कुणाची मातृभाषा नव्हे. माणसांना तर्कशुद्ध बोलता यावं म्हणून कुणीतरी बसून बनवलेली. तिचं व्हर्जिनियातलं संमेलन दर उन्हाळ्यात गॉर्डन टिब्सच्या घरी भरे. तिथे नियम एकच: उंबरठा ओलांडला की इंग्रजी बंद, जो बोलेल तो घरी. मागच्या खेपेला वेंडेल दारातच कुणाच्या तरी पायावर पाय देऊन ‘सॉरी’ म्हणाला होता.

यंदा मात्र तो पेटला होता. जन्म पोस्टात पत्रं लावण्यात गेलेला, त्यामुळे मूळ शब्दही त्याने ए, बी, सी अशा ओळीनेच पाठ करायला घेतले. ‘ब्लानू’ म्हणजे निळा, इथवर ठीक. त्यात ‘ब्लू’ तरी दिसतो. बाकीचे शब्द सहा भाषांचं भरीत करून बनवलेले, इंग्रजी माणसाने धरायचं कुठे? ‘शोर्तू’, लिहायचा ‘सी’ने, म्हणजे दुखणे. तंग शॉर्ट घातली की दुखतं, असं करत बिचारा कसाबसा ‘जे’पर्यंत पोचला.

टिब्सच्या टेबलावर बटाट्याचं सॅलड खाता खाता त्याच्या छातीत कळ आली. मदत, डॉक्टर, हृदय हे सगळे शब्द ‘जे’च्या पुढचे. गॅस असेल, असं समजून त्याने हाताशी होते तेवढे शब्द जुळवले.

"माझी छाती दुखते," तो लोज्बानमध्ये म्हणाला.

टिब्स उठून उभाच राहिला. "ऐकलंत? वेंडेलचं पहिलं वाक्य! आणि एक चूक नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. त्या टेबलावर खरं असं कुणी कधी बोलतच नसे. येतील ते शब्द जोडायचे. आताच टिब्सने आपला कुत्रा निळं घर खातो म्हणून सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

"हात दुखतो," वेंडेल म्हणाला.

"वा! पण कोणता? डावा की उजवा, ते नको का सांगायला?"

‘डावा’ पार ‘झेड’मध्ये. घामाने निथळत वेंडेलने डावा हात उचलायला घेतला.

"खाणाखुणा नाही चालणार हं!" टिब्स हसला.

वेंडेल ताटावर कोसळला. त्या दिवशी नियम मोडला तो टिब्सनेच, फोनवर इंग्रजीत किंचाळून. अँब्युलन्स आली, पण उशीर झाला होता.

हॉस्पिटलच्या बाकावर लोरेटा घरातल्याच सपाता घालून बसली होती. टिब्सला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"हट्टी मेला," ती म्हणाली. "दुखत असेल तरी बोलला नसेल."

"बोलला, मिसेस प्रुइट. छाती दुखते म्हणाला, हात दुखतो म्हणाला. अगदी स्पष्ट."

"तुम्हाला कळलं ते?"

"शब्दन् शब्द."

"मग काय केलंत तुम्ही?"

टिब्सने कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं.

"टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला.